गरम की गार

मी शेकायची पिशवी बोलतेय. लाल रबराची, अंगावर उभ्या रेघांची, तोंडाला पांढरं बूच असलेली. शिरवणे गावातल्या एका घरात, मोरीच्या दाराशी खिळ्याला उलटी टांगलेली असते. तुम्ही म्हणाल, पिशवीला कसलं आलंय आयुष्य! अहो, ज्या घरात कुणाचं कुठे दुखतं ते डॉक्टरच्या आधी मला कळतं, त्या घरातलं मी नाही बोलायचं तर कुणी बोलायचं?

माझा स्वभाव तापट आहे, हे आधीच सांगून टाकते. पण तापले तरी निवते लवकर. दोन तासांत गार. माणसांसारखं वर्षानुवर्षं आत धरून ठेवणं मला जमत नाही. फक्त एक गोष्ट नऊ महिने माझ्या पोटात होती, ती आज बाहेर काढते.

जन्म माझा कारखान्यात, साच्यात झाला. तिथलं एवढंच आठवतं की गरमी मरणाची होती. मग खोका, मग नेरूळला एका मेडिकलच्या दुकानातली काचेची फळी. तिथून मला या घरातल्या गोटीरामांनी उचललं. त्यांचे गुडघे दुखायचे. घरी आणल्यावर त्यांच्या बायकोने, मालतीबाईंनी, मला दोन बोटांत धरून उलटीसुलटी केली आणि तोंड वाकडं केलं. "मिठाच्या पुरचुंडीनं जे व्हतं ते या रबरानं व्हनार हाय का?" म्हणाल्या.

त्यांचंही चूक नव्हतं. मालतीबाई मिठागरातल्या. पोरवयात खाडीच्या पाण्यात उभं राहून मीठ ओढलं, डोक्यावरून पाट्या वाहिल्या. दुखलं की तव्यावर मीठ तापवायचं, फडक्यात बांधायचं आणि शेकायचं, एवढंच औषध त्यांना ठाऊक. पुढे मिठागरं गेली, भातशेती गेली, त्या जागी इमारती उभ्या राहिल्या. तळहात मात्र मिठागरातलेच राहिले, जाड आणि खरखरीत. त्यावर पन्नास वर्षं तांदळाच्या भाकऱ्या थापल्या, तव्यावरून हातानेच उलटल्या. चुलीवरचा उकळता टोप त्या फडक्याशिवाय उतरवायच्या आणि बघणारे तोंडात बोट घालायचे. मलाही त्या हातांचं फार कौतुक होतं. हे जरा लक्षात ठेवा.

गोटीराम गेले आणि मी आपसूक मालतीबाईंची झाले. त्यांना माझी सवय लागली. मग घरात कुणाचं पोट दुखो, मान आखडो, कंबर धरो, "रबरी आन गं" अशी हाक यायची. गल्लीतल्या बायका मला मागून न्यायच्या. नेताना गोड बोलायच्या आणि परत देताना आत अर्धा पेला पाणी तसंच ठेवायच्या. उलटी टांगा म्हणून किती सांगितलं तरी कोण ऐकतंय! पण तक्रार नाही करत. कुणाच्या तरी दुखण्याला लागून झोपणं हे माझं काम, आणि ते मी चोख केलं.

घरात तिघंच. मालतीबाई, त्यांचा मुलगा मिथुन आणि सून उन्नती. मिथुनचा टेम्पो आहे, पहाटे चारला तो एपीएमसी मार्केटला भाजी भरायला जातो. उन्नती माहेरची कोपरखैरण्याची. बसमध्ये कंडक्टर, अकरा वर्षं झाली. बस कितीही हिंदकळू दे, ही पाय फाकवून अशी उभी राहायची की दांड्याला हात लावायची गरज नाही. एका हातात मशीन, दुसऱ्या हातात सुट्टे, आणि तोंडाने, "पुढे सरका, मध्ये जागा आहे!" घरीसुद्धा ती तशीच उभी राहून चहा प्यायची.

तिची पाठ दुखायला लागली तेव्हा कुणालाच काही विशेष वाटलं नाही. कंडक्टरची पाठ नाही दुखणार तर कुणाची? दोन्ही खांद्यांच्या मधोमध, जरा खाली. मालतीबाई रोज संध्याकाळी मला भरून तिथे ठेवायच्या. मी जीव ओतून शेकायचे. पण मला एक गोष्ट खटकायची. कामाने दुखणारी पाठ आडवं झाल्यावर सुटते. हिची उलट आडवं झाल्यावर जास्त धरायची, झोपेतून उठवायची. मला तोंड असतं तर मी पहिल्याच महिन्यात ओरडले असते की बायांनो, हे माझ्या आवाक्यातलं नाही. दीड वर्ष त्या मला भरत राहिल्या. दीड वर्ष!

मग एक दिवस ती गल्लीतून चालत आली ती एकाच पायात चप्पल घालून. दुसरी तीन घरं मागे पडली होती आणि तिला पत्ताच नव्हता. शेजारच्या अक्षताने चप्पल आणून दिली तेव्हा दोघी हसल्या. पुढच्या आठवड्यात उन्नती डेपोत बसच्या पायरीवरून कोसळली आणि सगळ्यांचं हसू संपलं.

एमआरआय झाला. पाठीच्या कण्याच्या आत गाठ होती, आणि ती मज्जारज्जूला एका बाजूने दाबत होती. मेंदूकडून पायाकडे जाणाऱ्या सगळ्या तारा त्यातूनच जातात म्हणे. डॉक्टरांनी सांगितलं, बहुतेक साधी गाठ आहे, पण काढावीच लागेल. नाही काढली तर पाय जाणार. काढली तरी पाय लगेच चालतील याची खात्री नाही.

घरात रडारड झाली. मालतीबाईंचं म्हणणं, कण्याला सुरी लागली की माणूस उठत नाही, आपल्या गावात कोण उठलंय ते दाखवा.  उन्नतीने सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मला माझ्या बसमध्ये परत उभं राहायचंय. झोपून राहिले तर नक्कीच नाही राहणार." सही तिने स्वतः केली. गणपती विसर्जन झालं आणि चौथ्या दिवशी ती दवाखान्यात गेली.

दवाखान्यात मी गेले नव्हते. पण मालतीबाई फोनवर सगळ्यांना इतक्या वेळा सांगायच्या की मला पाठ झालंय. ऑपरेशनला पाच तास लागले. गाठ पूर्ण निघाली, ऑपरेशन चालू असतानाच केलेल्या तपासणीत कॅन्सर नाही असं आलं. पेढे आणायला माणूसही निघाला होता. आणि उन्नती शुद्धीवर आली तर पाय हलेनात! उजव्या पायाचा अंगठा तेवढा जरासा हलायचा. डॉक्टर म्हणाले, मज्जारज्जू फार दिवस दबलेला होता, आता सुजलाय. येईल, पण किती येईल आणि कधी, ते आज सांगता येणार नाही.

तेवढ्याने भागलं नाही. पाचव्या दिवशी मालतीबाईंना तिची उशी आणि पाठीखालची चादर ओली लागली. सगळे म्हणाले घाम असेल. मालतीबाई म्हणाल्या, पंख्याखाली झोपलेल्या माणसाला एकाच जागी कुठला घाम? नर्सच्या मागे लागून त्यांनी डॉक्टरांना बोलवायला लावलं. जखमेतून पाणी झिरपत होतं. कण्याच्या आतलं पाणी. म्हणून तर बसवलं की उन्नतीचं डोकं फुटायला यायचं. पुन्हा टाके घालावे लागले, पुन्हा ती कितीतरी दिवस सपाट झोपून. लवकर कळलं म्हणून आत जंतू गेले नाहीत, असं डॉक्टर म्हणाले. म्हणजे सुनेला वाचवणारी सासूच, हे मी मुद्दाम सांगतेय, कारण पुढे लोक भलतंच बोलले.

सव्वीस दिवसांनी उन्नती घरी आली. बाहेरच्या खोलीत पलंग लावला. लघवीला नळी, पाठीला पट्टा, कोपऱ्यात वॉकर. फिजिओथेरपी करणारी अबोली आठवड्यातून तीनदा यायची. पहिल्याच दिवशी तिने बजावलं की पायांना जाणीव नाहीये, गरम काही लावायचं नाही, रोज तळवे तपासायचे. सांगितलं मिथुनला. मालतीबाई तेव्हा आत मासे साफ करत होत्या. दवाखान्याच्या कागदावरही तेच लिहिलं होतं, इंग्रजीत. तो कागद मिथुनने फ्रिजला चिकटवला आणि सगळ्यांना वाटलं, आता घरात सगळ्यांना माहीत झालं. माणसांची ही एक खोडच आहे. भिंतीला काही चिकटवलं की ते कळलंच असं धरून चालतात.

डिसेंबर आला. आमच्याकडे थंडी ती कसली, पण उन्नतीचे पाय बर्फासारखे गार पडायचे. एका दुपारी व्यायाम करून ती गाढ झोपली होती. मालतीबाईंनी तिच्या तळव्यांना हात लावला आणि चुकचुकल्या. आत गेल्या, पाणी उकळलं, मला भरलं. नेहमीसारखा तळहात माझ्या पोटावर दाबला, मनात पाच मोजले आणि स्वतःशीच म्हणाल्या, मला सोसतंय, तिला बरं वाटेल. एक पातळ पंचा गुंडाळला आणि मला उन्नतीच्या पायाशी ठेवलं. वरून गोधडी घातली.

त्या तळहाताला मी बारा वर्षं ओळखत होते. मला ठाऊक होतं की मी त्या दिवशी फार तापलेली होते. आणि उन्नतीचे पाय मी पहिल्यांदाच शेकत होते. कुठलाही पाय मी जास्त तापले की आपोआप बाजूला सरकतो. हे पाय सरकले नाहीत. डावी टाच माझ्यावर टेकलेली तशीच राहिली. अर्धा तास गेला, एक तास गेला. अगं, काढ की मला, काढ! पण रबराचं कोण ऐकतो?

चारच्या सुमाराला मिथुन आला आणि त्याने गोधडी बाजूला केली. डाव्या टाचेवर लिंबाएवढा फोड आला होता, भोवती लाल. उन्नती जागी झाली, सगळ्यांच्या तोंडाकडे बघायला लागली. मग वाकून तिने स्वतःचा पाय पाहिला. ती रडली, पण भाजलं म्हणून नाही. "मला काहीच कळलं नाही," असं ती पुन्हा पुन्हा म्हणत राहिली. मालतीबाई गार पाणी आणायला धावल्या.

मिथुनने मला पिशवीत कोंबलं, उन्नतीला टेम्पोत घातलं आणि सगळ्यांना घेऊन दवाखाना गाठला. कशाने भाजलं ते दाखवायला मी. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी टाच बघितली, मग मिथुनकडे बघितलं, मग मालतीबाईंकडे. भाजलेली सून आणि गप्प उभी सासू. दोघांना त्यांनी बाहेर थांबायला सांगितलं. मी टेबलावर होते, मला बाहेर काढायचं कुणाला सुचलं नाही.

डॉक्टरीणबाई खुर्ची जवळ ओढून हळू आवाजात म्हणाल्या, "घाबरू नका. हे कुणी मुद्दाम केलंय का? इथून बाहेर जाणार नाही."

उन्नतीने दाराकडे बघितलं. रबरावर काटा येत असता तर माझ्या अंगावर आला असता. मग ती म्हणाली, "भाजलंय सासूबाईंनीच. पण मॅडम, आधी त्यांचे हात बघा. मग मला विचारा."

मालतीबाईंना आत बोलावलं. चोरी पकडल्यासारखे त्यांनी दोन्ही हात पुढे केले. डॉक्टरीणबाईंनी त्यांना मान वळवायला लावली, वाफ येणाऱ्या पाण्यात बुडवलेला चमचा त्यांच्या तळहातावर टेकवला आणि कसं लागतंय ते विचारलं. मालतीबाई विचार करून म्हणाल्या, "कोमट हाय." तो चमचा डॉक्टरीणबाईंना स्वतःला धरवत नव्हता. त्यांनी फडक्यात गुंडाळला होता.

तिथे सगळा उलगडा झाला. माझ्या एका बाजूला मिठाने मेलेला हात, दुसऱ्या बाजूला गाठीने झोपवलेला पाय. मधे मी, मूर्ख, सगळ्यांना जिवंत समजणारी. डॉक्टरीणबाईंनी मालतीबाईंना समजावलं की यापुढे गरम काहीही कोपराच्या आतल्या बाजूने तपासायचं, आणि हिच्या पायांना तर शेक नाहीच.

घरी आल्यावर मिथुनने मला सरळ कचऱ्याच्या डब्यात टाकलं. मला त्याचा राग आला नाही. पण पलंगावरून उन्नती कडाडली, "काढ ती बाहेर. खिळ्याला लाव, मला दिसेल अशी. ज्या दिवशी पायाला कळेल, त्या दिवशी तिच्यावरच पाय ठेवून बघणार आहे मी."

म्हणून मी खिळ्याला लागले. नऊ महिने पाण्याचा थेंब नाही, नुसतं बघत राहणं.

जे बघितलं ते सोपं नव्हतं. टाचेची जखम भरायला सात आठवडे गेले आणि तेवढे दिवस तिला उभं राहायची बंदी. गल्लीत चर्चा झालीच. सुनेला मुद्दाम चटके देणाऱ्या सासवा कमी आहेत का, असंही कुणी बोललं. ते मालतीबाईंच्या कानावर गेलं आणि त्यांनी सुनेला हात लावणंच सोडलं. जेवण करायच्या, ताट ठेवायच्या, आणि हात पदरात लपवून आत निघून जायच्या. उन्नतीला कूस बदलायची असली तरी मिथुन येईपर्यंत थांबायला लागायचं.

अबोली दर आठवड्याला दोन स्टीलचे पेले आणायची, एकात कोमट पाणी, एकात गार. उन्नतीचे डोळे बंद करून पेला पायाला टेकवायची आणि विचारायची, "गरम की गार?" उन्नती अंदाज मारायची. कधी बरोबर, कधी चूक, म्हणजे काहीच कळत नव्हतं. एकदा मालतीबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. उन्नतीने चोरून डोळा उघडला, सासूचा चेहरा बघितला आणि ठासून सांगितलं, "गरम!" पेला गार पाण्याचा होता. अबोली तिला चांगली रागावली. म्हणाली, दुसऱ्याला बरं वाटावं म्हणून उत्तर द्यायचं नाही, नसा खोटं बोलून येत नाहीत.

फेब्रुवारीत जखम भरली. उजव्या पायात जोर आला होता, डावा त्याच्या मागून रखडत येत होता. मिथुनने बाहेरच्या खोलीपासून स्वयंपाकघरापर्यंत दोन्ही भिंतींना लोखंडी पाइप बसवून घेतले. सात पावलांची वाट. पहिल्या दिवशी उन्नती पाइप धरून उभी राहिली, पाय फाकवून, थरथरत. घामाघूम झाली. आणि तोंडाने काय म्हणाली असेल? "पुढे सरका, मध्ये जागा आहे!"

तिने प्रत्येक पावलाला स्टॉपचं नाव दिलं. शिरवणे, जुईनगर, सानपाडा, तुर्भे, एपीएमसी, वाशी आणि शेवटचं कोपरखैरणे, तिचं माहेर. पण सकाळी मिथुन घरात नसायचा आणि एकटीने उभं राहायची परवानगी नव्हती. अबोलीने तिच्या कमरेला बांधायला रुंद पट्टा दिला होता. तो मागून धरायला माणूस हवं होतं. घरात माणूस एकच होतं, आणि ते स्वयंपाकघरात हात लपवून बसलं होतं.

उन्नतीने हाक मारली, "आई, बस सुटतेय. तिकीट घ्या, नाहीतर उतरा."

आत भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला. मग मालतीबाई दारात आल्या. "मना कुठं जायाचा हाय?"

"माझ्याबरोबर. पट्टा धरा."

"माज्या हातांना काय कलत नाय, पोरी."

"माझ्या पायांना तरी कुठे कळतंय? धरा."

धरला त्यांनी. दोन्ही हातांनी असा धरला की उन्नतीला पाऊल टाकता येईना, सैल सोडा म्हणून सांगावं लागलं. त्या दिवशी दोघी जुईनगरपर्यंत गेल्या आणि परत आल्या.

मग ते रोजचंच झालं. गल्लीतल्या बायका खिडकीतून विचारायच्या, आज कुठपर्यंत? मालतीबाई ऐटीत सांगायच्या, सानपाडा झाला. मार्चअखेर नळी निघाली. त्यानंतर वेळेत मोरी गाठता न आल्याचे प्रसंग किती झाले ते मी मोरीच्या दाराशीच असल्याने मला ठाऊक आहेत, पण ते मी सांगणार नाही. ती घड्याळ लावून दर तीन तासांनी जायला शिकली. एप्रिलमध्ये तुर्भ्याला पडली, गुडघा फुटला, मालतीबाई तिच्याबरोबर पडल्या. दोघी जमिनीवर बसून एकमेकींचं काय लागलं ते बघत होत्या. मालतीबाईंना वाटलं, आता ही आठवडाभर उठत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी उन्नती पाइप धरून उभी. म्हणाली, बस बंद पडली होती तिथूनच सुरू करायची.

जूनमध्ये ती कोपरखैरण्याला पोचली. मालतीबाईंनी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर तिच्या तोंडात साखर घातली, माहेरी आलीस म्हणून. जुलैत काठी घेऊन गल्लीत. एमआरआयमध्ये गाठ पुन्हा दिसली नाही. डॉक्टर म्हणाले, ताकद अजून वाढेल, पण डावा तळवा कदाचित असाच राहील. डेपोच्या तपासणीत ठरलं की सहा महिने पासच्या खिडकीवर बसून काम, मग पुन्हा तपासणी आणि मग बसचं बघू. मिथुनला वाईट वाटलं. उन्नती म्हणाली, खिडकी तर खिडकी, बस तिथूनच सुटते.

सोमवारी तिची ड्युटी सुरू होणार होती. आदल्या दिवशी, रविवारी सकाळी, अबोली येऊन गेली. यावेळी पेले तिने आणले नव्हते, उन्नतीनेच नको म्हणून सांगितलं होतं. ती गेल्यावर उन्नती खुर्चीत बसली आणि मालतीबाईंना म्हणाली, "आई, पिशवी काढा. कोमट पाणी भरा, कोपराने तपासा. आज बघायचंय मला."

मालतीबाईंनी मला खिळ्यावरून काढलं. मी तर पार वाळले होते. बुचाजवळ बारीक भेगा पडल्या होत्या. त्या मला स्वयंपाकघरात घेऊन गेल्या. गॅसवर पाणी ठेवलेलं होतं, कोमट झालंही होतं. त्यांनी पातेल्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि नळ सोडला. नळाचं गार पाणी माझ्या पोटात भरलं आणि बूच लावलं.

मला कळेना, ही बाई करतेय काय! मग त्या माझ्याशीच पुटपुटल्या, की गरम आता माज्यानं त्या पायाला लाववनार नाय. आनि ती माज्यासाठी खोटा बोलंल, मना म्हाईत हाय.

उन्नतीने मिथुनचा रुमाल डोळ्यांवर बांधला. मालतीबाईंनी मला जमिनीवर ठेवलं. डावा पाय माझ्यावर आला, तीच टाच, पांढरट व्रण असलेली. उन्नती थांबली, मान हलवली. इथे अजून लाकूडच, म्हणाली. मग उजवा पाय आला.  पोटभर गार पाणी घेऊन मी त्या तळव्याखाली पडले होते आणि मला एकच भीती वाटत होती. ही आता "गरम" म्हणणार. सासूचा नऊ महिन्यांचा अपराध एका शब्दात पुसून टाकणार, इतकी ती चांगली आहे. आणि मग मालतीबाईंना आणि मला आयुष्यभर कळणार की पाय मेलेलाच आहे. बोटं माझ्यावर थोडी दाबली गेली, उचलली गेली, पुन्हा टेकली.

"आई," उन्नती म्हणाली, "तुम्ही फसवताय मला. ही गार आहे."

 मालतीबाई खाली बसल्या, सुनेचा उजवा पाय दोन्ही हातांत घेतला आणि त्यावर कपाळ टेकवलं. आमच्या गावात सासू सुनेच्या पायाला हात लावत नाही. कपाळ तर नाहीच नाही.

"आई, काय करताय!" असं म्हणत उन्नतीने पाय झटक्यात मागे घेतला.

झटक्यात. तोच पाय, जो वर्षभरापूर्वी उचलायला दोन माणसं लागायची. मिथुनने ते बघितलं आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. उन्नतीने रुमाल सोडला, स्वतःच्या पायाकडे बघितलं आणि मग कळलं तिला, आपण काय केलं ते.

आता माझं काय? मी पुन्हा खिळ्यावर आहे. भेगा वाढल्यात. उकळतं पाणी मला आता झेपायचं नाही आणि कुणी भरणारही नाही. मालतीबाई गल्लीत मागायला येणाऱ्या बायकांना सांगतात की ती काम करून दमली आता. पण जाण्यापूर्वी तुम्हाला दोन गोष्टी बजावते, तापट म्हणा हवं तर. आडवं झाल्यावर वाढणारं दुखणं आणि नकळत पायातून गळणारी चप्पल, हे माझं काम नव्हे, डॉक्टरकडे जा. आणि ज्या पायाला कळत नाही त्याला शेक देऊ नका, कितीही गार असो, कितीही माया असो.

रोज सकाळी उन्नती काठी घेऊन निघते. दाराशी थांबून खाली बघते आणि दोन्ही पायांत चप्पल आहे ना ते डोळ्यांनी तपासते, कारण डाव्याचा भरवसा नाही. मालतीबाई मागे उभ्या असतात. पट्टा आता नाही, तरी त्यांचा हात सवयीने पुढे येतो.

"सहा महिन्यांनी बसमध्ये," उन्नती म्हणते.

"मी पयला तिकीट घेनार," मालतीबाई म्हणतात. "कोपरखैरन्याचा."